स्वस्तातला पाना की टिकणारा पाना? आपापले अनुभव सांगा

जोडबसवण्णा_गॅरेज:
उद्या खंडेनवमी, म्हणून आज अण्णांची पत्र्याची पेटी काढून बसलोय. सगळे पाने डिझेलमध्ये धुवून पोत्यावर मांडले, आणि १२-१३ चा (एका टोकाला १२ मिमी, दुसऱ्याला १३) रिंग पाना हातात आला नि एकदम १९९४ चा उन्हाळा आठवला. दहावी देऊन मी गॅरेजला बसायला लागलेलो. आपला स्वतःचा सेट पाहिजे असं डोक्यात घेतलं आणि मंगळवार बाजारातनं चकचकीत सेट आणला, अण्णांच्या दोन पान्यांच्या पैशात आठ पाने! दुसऱ्याच दिवशी एका स्कूटरचं मागचं चाक काढायला बसलो. १३ चा नट, गंजलेला, वर मे महिन्याचं ऊन. जोर लावला तसं पान्याचं तोंड फाकलं, नटाचे कोपरे गोल झाले आणि हात जाऊन मडगार्डच्या काठावर आदळला. करंगळीजवळचा व्रण अजून आहे. तो नट छिन्नीनं तोडायला दोन तास गेले, गिऱ्हाईक तसंच उभं. अण्णा संध्याकाळी आले, काही बोलले नाहीत, तो पाना उजेडाकडं धरला नि म्हणाले, "तोंड बघ त्याचं." आतल्या कडा बोटानं चेपल्यासारख्या चपट्या झालेल्या. मग त्यांनी स्वतःचा १२-१३ काढून दिला, तोच हा. क्रोम गेलंय, अंगठ्याच्या जागी काळा पडलाय, पण नटावर बसला की आजही हलत नाही.
आता पोरानं ऑनलाइन ४६ पीसचा डबा मागवलाय. त्याला नीट समजावून सांगायचंय, म्हणून विचारतो, तुमच्या हाताला काय अनुभव आलेत?

अक्कलकोट_रोड_फिटर:
४६ पीसवाल्यात गोट्या (नटावर बसणारी सॉकेटं) चालतात ओ, त्या फिरवायचा दांडा, म्हणजे रॅचेट, दगा देतो. आतले दाते बारीक असतात, जास्त जोर लावला की सटकतात. पाव इंची ड्राइव्ह आहे, म्हणजे गोटी बसवायचं चौकोनी टोक पाव इंचाचंच, त्याच्यावर चाकाचा नट सोडायचा नसतो. माझ्या भावानं वर पाईप घालून ओढला, चौकोनी टोकच तुटलं आणि तो तोंडावर पडला. दातावर निभावलं.

गॅरेजची_सून:
आमच्याकडं तीन वर्षांत तीन सेट झाले. हिशेब मी ठेवते म्हणून माहिती. भाकरी तव्यावर आहे, नंतर लिहिते.

पूर्वभाग_लूम:
आमचं दुखणं वेगळंच. वडील गिरणीत जॉबर (मागांवरचे मुकादम) होते, जुन्या मागांना विटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, इंची नट. पाव इंची बोल्टाचं डोकं साधारण १३.३ मिमी भरतं, त्याला १३ चा जात नाही नि १४ चा ढिला पडतो. नवीन पोरं १४ चा लावायची आणि पाना कितीही भारी असला तरी नट गोल व्हायचाच. तेव्हा साईज आधी, स्टील नंतर. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ते इंची पाने भंगारात किलोवर गेले, वडिलांनी चार उचलून आणले. ते गेले तरी पाने घरात आहेत, उद्या त्यांच्या फोटोपुढं ठेवणार.

जोडबसवण्णा_गॅरेज:
काका वाचून गलबलून आलं. झेंडूचं फूल माझ्याकडनंही वाहा.

चिंचोळी_नाईटशिफ्ट:
पेचकसाबद्दल कुणीच बोललं नाही. जपानी बनावटीच्या गाड्यांचे + चे स्क्रू जेआयएसचे (जपानी मानकाचे) असतात, साध्या फिलिप्स पेचकसाचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलतं आणि खाच खाऊन टाकतं. मी इंजिनच्या बाजूच्या कव्हरचे चार स्क्रू असेच घालवले, ड्रिल मारून काढावे लागले. त्या कव्हरच्या खर्चात चांगले पेचकस सहा आले असते. तेव्हापासून एक इम्पॅक्ट पेचकस ठेवलाय, टोक बसवायचं नि वर हातोडी मारायची, स्क्रू सुटतो.

आयटीआय_पास:
सगळ्यांना परवडत नाही ना पण. पहिल्या पगारात मी स्वस्तातला सेटच घेतला आणि त्याच्यावरच धंदा उभा केला. जो पाना मोडेल तेवढाच चांगला घ्यायचा असं ठरवलं. १०, १२, १४ हेच मोडले, कारण रोजचं काम त्यांचंच. २०-२२ अजून तोच जुना आहे. रबरी हातोडा, वायर ब्रश, ट्रे यात कशाला पैसे घालायचे?

अक्कलकोट_रोड_फिटर:
हे बरोबर आहे बे. फक्त डुप्लिकेट बघून घे. मला एकानं नावाजलेल्या कंपनीचा म्हणून दिला, आठ दिवसांत क्रोमचे पापुद्रे निघून तळहातात घुसले. खरा टपारिया कंपनीचा नाशिकला सातपूरला बनतो.

विजापूर_वेस:
पाना उसना दिला की परत येत नाही यावर पण धागा काढा. माझा १४-१५ शेजारी नेला, दोन दिवाळ्या झाल्या.

पूर्वभाग_लूम:
दांड्याला रंग मारा, लांबनं ओळखू येतो. आमच्या वडिलांचा लाल होता.

गॅरेजची_सून:
आले. भाकऱ्या झाल्या, शेंगाचटणी कुटायची राहिलीय. तर तिसऱ्या सेटच्या वेळी ह्यांचं बोट सुजलं, आठवडाभर गॅरेज बंद, मुलीची फी तटली. ती फी आणि तीन सेट एकत्र मांडले तेव्हा रडूच आलं मला. मग मीच हट्टानं क्रोम व्हॅनेडियमचे (कणखर मिश्र स्टीलचे) पाच पाने सुटे आणायला लावले. आता १६-१७ घ्यायचा राहिलाय. सुटा मिळतो ना? आणि दुकानात चांगला कसा ओळखायचा?

जोडबसवण्णा_गॅरेज:
मिळतो वहिनी. छापील किमतीवर जाऊ नका, दुकानदार बराच कमी करतो, दोन ठिकाणी विचारा. आणि जाताना पिशवीत १७ चा एक नवा नट टाकून न्या. १७ ची बाजू त्याच्यावर घालून डावी-उजवी हलवायची. खुळखुळला तर परत द्या, दुसरा काढायला सांगा.

गॅरेजची_सून:
नट ह्यांच्याकडनं मागून ठेवते. दसरा झाला की जाते.