तीन ते सहा वर्षांची अंगणवाडीतली मुलं ओहोटीच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर न्यावीत, की अंगणच बरं?

पुळणवाट: खरा खेकडा हाकेच्या अंतरावर असताना अंगणवाडीत चित्रातला दाखवायचा, हे मला पटत नाही. महिन्यातल्या दोन सकाळी पुळणीवर काढाव्यात. वेळ तिथीवरून कळते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, आणि त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, सुकती नवाच्या सुमारास. आठला उतरायचं, नवाला वर. खेळ एकच ठेवा: बारक्या खेकड्यांच्या बिळांभोवती पडलेल्या वाळूच्या गोळ्या बघायच्या. वाळूतलं खाणं चाखून खेकडा उरलेली वाळू गोळी करून टाकतो. मुलं गप्प उभी राहिली तरच तो बाहेर येतो. हे गप्प राहणंच खरा धडा.

आगरातली: मनुष्यबळाचं काय? एक सेविका, एक मदतनीस, आणि मदतनीस सकाळी खाऊ शिजवत असते. कातळावरच्या कालवांच्या धारेनं तळवे चिरतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असला तर डंख करतो, आणि तो विषारी असतो. पावसाळ्यात तर निळे जेलीफिश वाळूवर येतात. अंगणात काय कमी आहे? सुपारीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर बसवून एकमेकांना ओढू द्या. मात्र विरी आधी भिजवा, सुकी फाटते आणि तिची कड कापते. करवंटीत चवळी पेरा. करवंटीचा मऊ डोळा फोडला नाही तर पाणी तुंबून बी कुजतं, आणि मुलं रोज उकरून बघतात म्हणूनही मरतं. म्हणून प्रत्येकाला दोन करवंट्या: एक उकरायला, एक राखायला.

पुळणवाट: करवंट्यांचं पटलं. पण अंगण बिनधोक नाही. गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप असतो, कुंपणाला कण्हेर आणि गुंज असते. लालकाळी गुंज मूल हमखास तोंडात घालतं, आणि चावली गेली तर ती जीवघेणी. ओल्या काजूबीच्या तेलानं कातडी सोलवटते. पुळणीवर नियम सोपे आहेत: कातळावर जायचं नाही, पाण्यापासून तीस पावलं लांब, चार मुलांमागे एक मोठं माणूस, जून ते सप्टेंबर बंद. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारा, एक गाठ एका मुलाची. दोरी सुती घ्या, सुंभ कोवळ्या हातांना टोचतो.

सड्यावरून: दोघंही मुलं कुठली हे विचारत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, समुद्राकाठीच, बालवाडीचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली, म्हणजे शाळाच मुलं होती तिथे गेली. कोळीवाड्यातल्या मुलाला तिसऱ्या, खुबे, कालवं वेगळी ओळखता येतात. त्याला पुळण दाखवायला नेण्यापेक्षा त्याच्याकडून शिंपल्या तीन ढिगांत लावून घ्या आणि तो सांगेल ती नावं फळ्यावर लिहा. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या वाडीतल्या मुलांना तासभर उतरवून दमवू नका. त्यांच्या दारातल्या कातळाच्या डबक्यात पावसाळ्यात बेडकाची पिल्लं असतात. वीतभर पाण्याचं डबकं निवडा. चिरेखाणीत साचलेल्या पाण्याकडे तर फिरकायचंसुद्धा नाही.

आगरातली: वीतभर पाण्यातही तीन वर्षांचं मूल पालथं पडलं तर बुडतं, तेव्हा डबक्याशी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. पुळणीवर पाच-सहा वर्षांचीच न्या, मग मला हरकत नाही. पण वीस मुलांना पाच मोठी माणसं लागतील. त्या सकाळी खाऊ कोण शिजवणार आणि तीन-चार वर्षांच्यांजवळ कोण थांबणार, ते पालकांच्या बैठकीत नावानिशी ठरवून मगच तिथी काढा.