विषय: गणपतीची मिरवणूक रविवारी की शनिवारी?

प्रेषक: श्रीनिवास (सचिव)

नमस्कार मंडळी,

डॅन्यूब नदीच्या बव्हेरियाकडच्या काठावरच्या एका दुकानदार संघटनेचं पत्र आलंय. पुढच्या वर्षीची मिरवणूक आपण त्यांच्या बाजारपेठेतून रविवारी काढावी, असं त्यांचं म्हणणं आहे. मांडव, वाहतूक बंदोबस्त, साफसफाई हा सगळा खर्च ते करतील. जर्मनीत रविवारी दुकानं एरवी बंद असतात. आपल्या बव्हेरिया राज्यात एखाद्या गावाला वर्षातून जास्तीत जास्त चार रविवार दुकानं उघडता येतात आणि त्यासाठी जत्रा, बाजार असं काही कारण लागतं. आपली मिरवणूक त्यांना ते कारण म्हणून हवी आहे.

हॉलच्या भाड्यासाठी दरवर्षी किती ओढाताण होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला होकार द्यावासा वाटतो. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय, मतं कळवा.

श्रीनिवास

---

प्रेषक: मुग्धा

श्रीनिवासदादा,

माझा स्पष्ट विरोध आहे, आणि का ते नीट सांगते.

मी सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसते. शनिवारी आठला दुकान बंद होतं, पण आठला दोन मिनिटं कमी असताना कोणीतरी भरलेली ट्रॉली घेऊन रांगेत येतंच. मग गल्ला मोजायचा, सुटी नाणी पिशव्यांत भरायची, पावाची मांडणी पुसायची, उरलेल्या भाज्या आत न्यायच्या. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. रविवार हा एकच दिवस आम्ही तिघं एका टेबलावर जेवतो.

दुकान उघडं ठेवायचा रविवार जवळ आला की मागच्या खोलीत एक कागद लागतो, ज्यांना यायचंय त्यांनी नाव लिहावं म्हणून. सक्ती नाही, असं सांगतात. पण ज्या बायका नाव लिहीत नाहीत, त्यांना पुढच्या महिन्यात नेमक्या अडचणीच्या पाळ्या लागतात. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी अर्धवेळ कामावर आहेत, त्यांना तास हवेच असतात. त्या नाही म्हणू शकत नाहीत.

पैसे जास्त मिळतात, हे खरं आहे. पण आपले ढोल बाहेर वाजणार आणि मी ते काचेच्या दाराआडून ऐकत लोकांचे मोजे स्कॅन करणार. माझ्या गणपतीमुळे माझ्या शेजारच्या गल्ल्यावरच्या तुर्की बाईचा रविवार जावा, हे मला नको आहे.

मुग्धा

---

प्रेषक: श्रीनिवास

मुग्धा,

तुझं म्हणणं मनाला लागलं. तरीही दुसरी बाजू मांडतो, कारण ती माणसंही आपल्यासारखीच पोट भरणारी आहेत.

पूल ओलांडला की उल्म, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबेर्ग हे दुसरं राज्य. तिथे 2007 पासून सोमवार ते शनिवार दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा आहे. नदीच्या अलीकडच्या काठावर, आपल्या बव्हेरियातल्या नॉय-उल्ममध्ये, आठला शटर खाली. 15 ऑगस्टला मेरीच्या सणाची सुट्टी इथे असते, तिथे नसते, त्यामुळे अख्खं गाव पलीकडे खरेदीला जातं. नदीच्या दोन काठांवर दोन कायदे, आणि मार खातो तो छोटा दुकानदार. त्यात ऑनलाइनवाले रविवारी रात्रीसुद्धा ऑर्डर घेतात. राज्यांना अधिकार दिलाच आहे तर तो पुरता द्यावा. रविवारचंही ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळतेच, फक्त ती आळीपाळीने. इथे तसं का चालू नये?

श्रीनिवास

---

प्रेषक: अरविंद

चि. श्रीनिवास, चि. मुग्धा आणि सर्व मंडळी,

मी इथे आलो तेव्हा शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद होत. महिन्यातला पहिला शनिवार तेवढा मोठा. 1989 मध्ये गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत दुकानं उघडी राहू लागली, तेव्हाही कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा हा कायदा सगळ्या पश्चिम जर्मनीला एकच होता, 1956 चा.

2006 मध्ये केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांची फेररचना झाली आणि दुकानांच्या वेळांचा विषय राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी भराभर आपापले कायदे केले. बव्हेरियात मात्र सत्ताधारी पक्षातच दोन तट पडले आणि नवा कायदा झालाच नाही. राज्य स्वतःचा कायदा करेपर्यंत जुना केंद्राचा कायदा लागू राहतो, म्हणून इथे 1 ऑगस्ट 2025 पर्यंत तोच चालला. नव्या कायद्यातही आठची वेळ राहिली. भर पडली ती गावाला वर्षातून आठ दिवस रात्री बारापर्यंत दुकानं उघडी ठेवायच्या मुभेची आणि 150 चौरस मीटरपर्यंतच्या, माणूस नसलेल्या दुकानांची.

श्रीनिवास, राज्यांना वेळा ठरवायचा अधिकार आहे, पण रविवार मोडायचा नाही. 1919 च्या वायमार राज्यघटनेचं, म्हणजे जर्मनीच्या जुन्या घटनेचं, 139 वं कलम 1949 च्या घटनेत 140 व्या कलमातून जसंच्या तसं घेतलंय. रविवार हा कामाच्या विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. बर्लिनने 2006 मध्ये नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दोन्ही चर्च कार्ल्सरूच्या घटना न्यायालयात गेली आणि 1 डिसेंबर 2009 ला ती तरतूद रद्द झाली. दुकानदाराला धंदा करायचाय आणि गिऱ्हाईकाला रोजचीच खरेदी करायचीय, एवढ्यावर रविवार उघडता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हेसेन राज्यात माणूस नसलेल्या छोट्या दुकानांनाही 2023 च्या अखेरीस तिथल्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने रविवारी अडवलं. मग विधिमंडळाला 2024 मध्ये कायदा बदलावा लागला.

आता आपल्या मिरवणुकीबद्दल. 2015 मध्ये लाइपझिगच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने ठरवून दिलंय की लोकांना खेचणारा मुख्य कार्यक्रमच हवा, दुकानं त्याच्या मागून. नुसत्या दुकानांसाठी जेवढे लोक येतील, त्याहून जास्त लोक कार्यक्रमाला येतील असा अंदाज आधी मांडावा लागतो. वेर्डी ही कामगार संघटना अशा परवानग्यांवर नेमाने कोर्टात जाते. म्हणजे उद्या आपल्या गणपतीला किती माणसं जमतात, याचे कागद न्यायालयात जाणार आणि आपण उभे असणार दुकानदारांच्या बाजूला, गल्ल्यावरच्या माणसांच्या विरुद्ध. ती जागा मला आपली वाटत नाही.

आळीपाळीच्या सुट्टीबद्दलही बोलायला हवं, कारण हा विषय आपल्याला परका नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं, मागण्यांवर सह्या गोळा केल्या, 'दीनबंधु' या वृत्तपत्रातून लिहीत राहिले. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला देवदर्शनाला आणि समाजाच्या कामाला मोकळीक हवी, असं लोखंडे यांचं म्हणणं होतं. समाजाचं काम करायचं तर शेजारचा माणूसही त्याच दिवशी मोकळा हवा. एकाला मंगळवारी सुट्टी आणि दुसऱ्याला गुरुवारी, अशाने सभा भरत नाही, भजन होत नाही, मूल आणि आई एका वेळी घरी नसतात. महाराष्ट्राच्या नव्या कायद्यात सुट्टी उरली, पण सगळ्यांची मिळून असलेली सुट्टी गेली. ज्या मराठी माणसाने ती मिळवून दिली, त्याची आठवण ठेवून तरी आपण इथे कुणाचा रविवार घेऊ नये.

दुकानदारांची अडचण खरी आहे. 15 ऑगस्टचा फरक राज्यांनी आपसात बसून मिटवावा, त्याला माझा पाठिंबा आहे. पण त्याची भरपाई मुग्धाच्या रविवारातून नको.

अरविंदकाका

---

प्रेषक: मुग्धा

काका, मनापासून आभार.

मिरवणूक शनिवारी दुपारी तीनला निघाली तर? दुकानं तशीही उघडी असतात, गर्दी असते, दुकानदारांनाही गिऱ्हाईक मिळेल. त्या दिवशी मी सकाळची पाळी मागून घेईन, दोनला सुटते. सोबतच्या दोघी-तिघींनाही घेऊन येईन, त्यांना लेझीम बघायचंय.

मुग्धा

---

प्रेषक: श्रीनिवास

मंडळी,

नदीच्या दोन काठांच्या दोन कायद्यांबद्दल माझं मत अजूनही तेच आहे, त्यावर काकांशी प्रत्यक्ष भेटून बोलेन. पण मिरवणुकीला रविवार नको, हे मला पटलं. यादीवर ज्यांनी ज्यांनी कळवलं, त्यांचाही कौल शनिवारच्याच बाजूने आहे.

संघटनेला उत्तराचा मसुदा असा: "आमंत्रणाबद्दल आभार. मिरवणूक शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत आपल्या बाजारपेठेतून काढायला आम्हाला आनंद वाटेल. रविवारी दुकानं उघडण्याच्या अर्जात आमच्या उत्सवाचं नाव घालू नये, ही विनंती." खर्चाबद्दल त्यांनी हात आखडता घेतला तर वर्गणी थोडी वाढवावी लागेल, तयारी ठेवा.

काका, जर्मन मजकूर तुम्ही एकदा नजरेखालून घाला. ताशा वाजवणाऱ्यांनी शनिवार जमतो का ते गुरुवारपर्यंत कळवावं, म्हणजे नगरपालिकेकडे रस्त्याचा अर्ज करता येईल.

श्रीनिवास