'फॉरेन्सिक इमेज' : प्रतिमा, प्रत की नक्कल?

प्रश्न : डिजिटल पुराव्याबद्दल लिहिताना 'इमेज'ला, म्हणजे तपासासाठी डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतात त्याला, काय म्हणावं? 'डिस्कची प्रतिमा घेतली' म्हटलं की कुणीतरी डिस्कचा फोटो काढला असं वाटतं. 'प्रत' चालेल का?

– नुसती 'प्रत' नको. साधी कॉपी फक्त दिसणाऱ्या फायलींची होते. ५०० जीबीच्या डिस्कवर ४० जीबी फायली असतील तर कॉपी ४०ची, इमेज मात्र पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत, पूर्ण ५००ची. पुसलेल्या चॅटचे तुकडे त्या 'रिकाम्या' जागेतही सापडू शकतात. शिवाय डिस्क नुसती संगणकाला जोडली तरी ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावर काहीबाही लिहून ठेवते, तारखा बदलतात. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावतात, म्हणजे डिस्क वाचू देणारं पण तिच्यावर लिहू न देणारं उपकरण.

– जुन्या दफ्तरी मराठीत 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाशी तंतोतंत जुळणारी प्रत, असा नेमका प्रयोग आहे. 'बरहुकूम नक्कल' का म्हणू नये?

– 'नक्कल'मध्ये बनावटपणाचा वास येतो.

– तो क्रियापदामुळे. नक्कल 'केली' तर थट्टा, 'काढली' तर दस्तऐवज. 'डिस्कची बरहुकूम नक्कल काढली' यात गैरसमजाला जागा नाही.

– आणि 'हॅश', म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण? तिला 'मोहोर' कसं वाटतं?

– मोहोर म्हणजे कुणीतरी मान्यता दिली. ते काम डिजिटल सहीचं. हॅशला 'ठसा' बरा. बोटाच्या ठशावरून माणूस उभा करता येत नाही, तशी एसएचए-२५६ या हॅश-पद्धतीच्या ६४ अक्षरांवरून फाइल परत घडवता येत नाही; फक्त तीच आहे का ते ताडता येतं. एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा. मात्र 'ठसा जुळला म्हणजे मजकूर खरा' असं लिहू नका. बनावट पावतीचाही ठसा जुळतोच. तो एवढंच सांगतो, की ठसा घेतल्यापासून फाइल बदललेली नाही.

– 'ठसा जुळला नाही म्हणजे छेडछाड' हेही नको. एसएसडीला (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) वीज मिळाली की तिचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रक चिप, पुसलेले ब्लॉक आपसूक साफ करत राहतो. राइट ब्लॉकर असूनही दुसऱ्यांदा काढलेल्या नकलेचा ठसा वेगळा येऊ शकतो. म्हणून पहिली नक्कल काढतानाच ठसा वेळेसकट नोंदवायचा, आणि ती वेळ कुठल्या टाइम झोनची तेही लिहायचं. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल वाटेत आकसते, तिचा ठसा मूळ फोटोशी जुळणारच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर सहसा जशीच्या तशी पोचते.

– मग 'प्रतिमा' शब्द बाद?

– स्क्रीनशॉटसाठी राखून ठेवा. धमकीच्या ईमेलचा स्क्रीनशॉट ही खरोखर नुसती प्रतिमाच : पडद्यावर दिसलं तेवढं. पत्र कुठल्या सर्व्हरांमधून आलं ते सांगणारे 'रिसीव्ड' हेडर (ईमेलच्या माथ्यावरच्या, एरवी न दिसणाऱ्या नोंदी) त्यात नसतात. ते मूळ ईमेलमध्येच राहतात आणि खालून वर वाचायचे असतात. फसवणूक झालेल्याला 'स्क्रीनशॉट काढा आणि ईमेल पुसून टाका' असा सल्ला दिला, तर हाती उरते ती प्रतिमा. अस्सल गेलेलं असतं.