मेंदूशास्त्रज्ञांच्या शपथेने नेमके कोण थांबणार?

उंबरठा :
मेंदूसंशोधनाचा शस्त्र म्हणून वापर होऊ नये यासाठी प्रत्येक संशोधकाकडून पदवीबरोबरच शपथपत्र लिहून घ्यावे, असे 'सिनॅप्स' या सभासदांनी परवा या मंचावर मांडले आणि 'शंभर टक्के सहमत' म्हणणाऱ्यांची रांग लागली. आधार दिला तो अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ कर्टिस बेल यांच्या २०१० च्या आसपासच्या प्रतिज्ञेचा. आक्रमक युद्ध आणि मानवी हक्कांची पायमल्ली यांसाठी आपले ज्ञान राबवणार नाही, असे तीत संशोधकांनी जाहीर करायचे होते. हेतूबद्दल वाद नाही. मात्र या शपथेने अडेल असा माणूस मला कोठे दिसत नाही.

ऑक्टोबर २००२ मधील मॉस्कोचे दुब्रोव्का नाट्यगृह आठवा. चेचेन बंडखोरांनी आठशेहून अधिक लोकांना ओलीस धरले होते. २६ तारखेच्या पहाटे रशियन दलांनी मेंदूवर परिणाम करणारे रसायन हवेतून आत सोडले आणि सुमारे १३० ओलीस मेले, बहुतेक त्या रसायनाने. पुढे ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेला वाचलेल्यांच्या कपड्यांत व लघवीत कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल यांचे अंश सापडले. या कुळातले मूळ औषध, फेंटानिल, पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास तयार केले ते शस्त्रक्रियेतील वेदना शमवण्यासाठी. त्यांनी दहा शपथा घेतल्या असत्या तरी त्या पहाटे काय बदलले असते? बांधायचे असेल तर वापर करणाऱ्या सरकारला बांधा.

सिनॅप्स :
सरकारला बांधणार कोण, तेही सांगून टाका. रासायनिक अस्त्रबंदी करार १९९७ पासून लागू आहे, पण 'कायदा व सुव्यवस्थे'साठीच्या वापराला त्यात सूट आहे आणि दुब्रोव्काचा वायू त्याच सुटीच्या आडोशाने आला. मेंदूवर काम करणारी रसायने हवेतून फवारणे त्या सुटीत बसत नाही, एवढे म्हणायला सदस्य देशांना डिसेंबर २०२१ उजाडला. ठरावाच्या बाजूने ८५ मते, विरोधात १०, आणि विरोध करणाऱ्यांत अर्थातच रशिया. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २०११ मध्ये वायूचा वापर चुकीचा ठरवला नाही, केवळ सुटकेच्या नियोजनातील हलगर्जीपणावर ठपका ठेवला. आणि यान्सेन यांना मध्ये आणणे ही चलाखी आहे. तो वायू तयार करणारा, त्याचे प्रमाण ठरवणारा कोणीतरी शिकलेला माणूस होताच ना? शपथ त्याच्यासाठी आहे.

उंबरठा :
शिकलेल्या माणसांचाच दाखला हवा असेल तर इवेन कॅमरन घ्या. १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपैकी ते एक. पुढे जागतिक मानसोपचार संघटनेचे पहिले अध्यक्ष. याच गृहस्थांनी माँट्रियलमध्ये रुग्णांवर, त्यांना अंधारात ठेवून, विजेच्या झटक्यांचे आणि दीर्घ निद्रेचे प्रयोग केले, आणि त्यातील काहींना सीआयएचा पैसा होता. डॉक्टरी व्रत त्यांनी पाळले नाही, ते तुमचे शपथपत्र पाळतील?

कज्जेदलाल :
मॉस्को झाले, माँट्रियल झाले. आता जरा शिवाजीनगरच्या न्यायालयातही या. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनासाठी जन्मठेप दिली, आणि निकालात 'बीईओएस' या मेंदूलहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, आरोपीने गप्प बसायचे, समोर वाक्ये वाचायची आणि संगणकाने ठरवायचे की ही आठवण तिच्या स्वतःच्या अनुभवाची आहे की नाही. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत तर आपण सगळ्यांनी जेवता जेवता दूरदर्शन संचावर पाहिली आहे. मेंदूविज्ञानाचा वैरभावी वापर म्हणजे फक्त परदेशी वायू असे तुम्हा दोघांना का वाटते?

उंबरठा :
विषय संशोधनाच्या शस्त्रीकरणाचा आहे. नार्कोत टोचतात ते गुंगीचे पेंटोथाल १९३० च्या दशकातले औषध; त्यात कोणते नवे संशोधन आले? प्रत्येक धागा पोलीस ठाण्यात नेऊन बसवण्याची तुमची सवय जुनी आहे.

कज्जेदलाल :
कोठडीतल्या माणसाला औषध नवे की जुने याने फरक पडत नाही, साहेब. सरकारला बांधा म्हणता ना, मग बांधल्यावर काय होते ते ऐका. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. तरी जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला पाटणा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करावा लागला, कारण सर्व आरोपींची नार्को करण्याची पोलिसांची तयारी तिथे मान्य झाली होती.

निद्राकर :
मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून राहवत नाही. सेल्वी निकालाच्या आधीची गोष्ट. एका सरकारी रुग्णालयात असताना नार्कोसाठी भूल द्यायला बोलावणे आले. संमतिपत्रावर आरोपीचा अंगठा होता आणि शेजारी दोन हवालदार उभे होते. पेंटोथालचे प्रमाण थोडे चढले तरी श्वास मंदावतो, आणि अर्धवट गुंगीत माणूस सत्य बोलतो असे नाही, विचारणाऱ्याला हवे ते बोलतो. मी लेखी नकार दिला. म्हणून सांगतो, नकाराला किंमत असते.

उंबरठा :
आणि चाचणी रद्द झाली?

निद्राकर :
नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकाने ती केली.

उंबरठा :
मग माझेच म्हणणे सिद्ध केलेत, आभारी आहे.

निद्राकर :
आपल्याला विजय मिळाला याचा आनंद आहे. मात्र तो नकार मी एकट्याने, वरिष्ठांच्या शिव्या खात दिला. सर्व भूलतज्ज्ञांच्या परिषदेचा तसा ठराव हाती असता, तर पुढच्या आठवड्यातला तो दुसरा माणूस त्यांना इतक्या सहज मिळाला नसता. शपथ आणि ठराव यांत हाच फरक आहे, आणि तो 'सिनॅप्स' यांनीही ध्यानात घ्यावा.

सिनॅप्स :
ठीक आहे. एकेकट्याच्या सहीवर भागणार नाही, हे मान्य. अर्थात धागालेखक म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. संघटनेने बंदी घालावी आणि मोडणाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी, असा मसुदा मी करतो.

कज्जेदलाल :
त्यात एक कलम माझे घाला : पोलीस कोठडीत घेतलेली संमती ही संमती धरली जाणार नाही. सेल्वी निकालात ऐच्छिक चाचणीला वाट ठेवली आहे, आणि सगळे तिथूनच आत शिरतात.

उंबरठा :
नोंदणी रद्द करणारी परिषद सरकारनेच नेमलेली असते, एवढे लक्षात ठेवून मसुदा करा. वाचीन जरूर.