स्कॅफोल्डच्या आतल्या सेल्स मरतायत, नक्की कुठे चुकतंय?

पेट्रीडिश२:
नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष. जिलेटिन-कायटोसानचा फ्रीज-ड्राय स्कॅफोल्ड (सेल्स वाढवायचा सच्छिद्र साचा), ग्लुटरल्डिहाइडने क्रॉसलिंक केलेला (रसायनाने आतले धागे एकमेकांना जोडलेला), ५ मिमी जाड, त्यावर मेसेनकायमल स्टेम सेल्स टाकते. तीन दिवस सगळं छान, सातव्या दिवशी मधोमध कापून लाइव्ह-डेड डाय लावला (जिवंत सेल्स हिरव्या, मेलेल्या लाल) तर कडेला हिरवं आणि आत सगळं लालच लाल. मीडिया (सेल्सचं पोषक द्रव) एक दिवसाआड बदलते तरी दुसऱ्या सकाळी पिवळा पडलेला असतो. एमटीटी (जिवंत सेल्स रंगावरून मोजायची टेस्ट) मात्र मस्त येतंय म्हणून गाइड म्हणतात चालू दे, मला काही पटत नाहीये. कशाने मरतायत हे शोधायचं कसं?

बायो_सातारकर:
जाडीच नडतेय गं. शरीरात बहुतेक सेल्सपासून १००-२०० मायक्रॉनच्या आत केशवाहिनी असते, तुझ्या मधल्या सेल्सपासून मीडिया अडीच मिमीवर, आणि स्थिर प्लेटमध्ये ऑक्सिजन नुसता झिरपत जाणार, वाटेतल्या सेल्स तो आधीच संपवणार, वर त्या वाढून पोअर्सही बुजवणार. पिवळा मीडिया म्हणजे त्यातला फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग सांगतोय की लॅक्टिक अॅसिड साचलंय, आतली अवस्था त्याहून वाईट असणार. एमटीटीवर विसंबू नकोस, तो सगळ्या स्कॅफोल्डचा मिळून एकच आकडा देतो, बाहेरच्या सेल्स भरपूर वाढल्या की आतलं मरण त्यात झाकलं जातं.

जुना_हिस्टोवाला:
जाडीचं बरोबर आहे पण मला आधी ग्लुटरल्डिहाइडचा संशय येतो. नीट धुतलं नाही तर ते हळूहळू मीडियात सुटत राहतं आणि सेल्सना मारतं. ताई, आधी एक करा, सेल्स न टाकलेला कोरा स्कॅफोल्ड तोच डाय लावून बघा, ग्लुटरल्डिहाइडवालं जिलेटिन स्वतःच चमकतं, आम्ही पूर्वी त्यालाच मेलेल्या सेल्स समजून दोन महिने घालवले होते. मग स्कॅफोल्ड २४ तास मीडियात ठेवून तो मीडिया साध्या प्लेटमधल्या सेल्सना द्या. तिथेही सेल्स गोल होऊन सुटल्या तर दोष मटेरियलचा. आणि त्याच बॅचचे १ मिमीचे काप लावा, पातळ जगले आणि जाड मेले तर दोष झिरपण्याचा.

मायक्रोपिपेट:
सीडिंग, म्हणजे सेल्स टाकायची पद्धतपण बघ, वरून थेंब सोडलास तर निम्म्या सेल्स वरच बसतात. ट्रिप्सिन (सेल्स प्लेटवरून सोडवायचं एन्झाइम) जास्त वेळ राहिलं तरी त्या धड चिकटत नाहीत, आणि या सेल्स चिकटल्याच नाहीत तर पुढे मरतातच.

पेट्रीडिश२:
दहा दिवसांनी आले, सॉरी. कोरा स्कॅफोल्ड खरंच लाल चमकला!! म्हणजे आधीचं सगळं लाल मरणाचं नव्हतं, दादा मनापासून आभार. स्कॅफोल्ड भिजवलेल्या मीडियात सेल्स दुसऱ्याच दिवशी गोल झाल्या, मग उरलेलं ग्लुटरल्डिहाइड ग्लायसीनने रात्रभर ब्लॉक करून पीबीएसचे (क्षारांच्या बफरचे) सहा वॉश दिले, आता त्या छान पसरलेल्या दिसतायत. नव्या बॅचचे १ मिमीचे काप सातव्या दिवशी आतपर्यंत हिरवे, ५ मिमीवाल्याचा गाभा मात्र कोऱ्याची चमक वजा करूनही मेलेलाच, म्हणजे सातारकर म्हणतात तेही खरं. गाइडना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी एमटीटीचा हट्ट सोडला. आता परफ्युजन (मीडिया पंपाने स्कॅफोल्डमधून वाहता ठेवणं) लावायचंय, आमच्याकडे एक जुना पेरिस्टाल्टिक पंप पडून आहे, सुरुवातीला फ्लो किती ठेवू की सेल्स धुऊन जाणार नाहीत?

बायो_सातारकर:
सीडिंगनंतर एक दिवस पंप बंदच ठेव, चिकटू देत त्यांना. मग पंपाच्या सगळ्यात कमी स्पीडला चालू कर आणि बाहेर पडणाऱ्या मीडियातल्या सेल्स रोज मोज, आकडा वाढला की लगेच कमी कर.