पिवळा डबा, बैलाचं डोकं आणि 'मस्टर्ड क्लब': कोलमन्सच्या जुन्या जाहिरातींबद्दल कोणाला माहितीये का?

चोरबाजारी_चष्मा:
मंडळी, मला जुने पत्र्याचे डबे, एनॅमलच्या पाट्या, मासिकांतल्या जाहिराती असलं काय काय जमवायचा नाद आहे. मटन स्ट्रीटला एका दुकानात कोलमन्स मस्टर्डचा डबा मिळाला, पिवळाधम्मक, वर लाल अक्षरं, मधे बैलाचं डोकं, आणि त्याच गठ्ठ्यात एका इंग्रजी मासिकाचं पान, त्यावर गलेलठ्ठ लॉर्डसाहेब वगैरे मंडळी आणि खाली 'मस्टर्ड क्लब'. दुकानदार म्हणतो शंभर वर्षं जुना माल, पण तो सगळ्यालाच शंभर वर्षं म्हणतो. तर हा क्लब खरोखरचा होता की नुसती जाहिरात? डबा किती जुना हे कसं कळणार? आणि आमच्या लहानपणी डेटॉलच्या बाटलीवर 'रेकिट अँड कोलमन' लिहिलेलं असायचं, तो कोलमन हाच का?

फडताळ:
हो, हाच तो. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरिच नावाचं शहर आहे, त्याच्या दक्षिणेला स्टोक होली क्रॉस गावात पाणचक्की होती, तिथे जेरेमाया कोलमनने १८१४ ला पीठ आणि मोहरीचा धंदा घेतला. त्याला मूलबाळ नव्हतं, पुतण्या जेम्सला दत्तक घेतलं आणि १८२३ ला त्याला भागीदार केलं, म्हणून 'जे. अँड जे. कोलमन'. पण कंपनी खरी मोठी केली ती जेम्सच्या मुलाने, जेरेमाया जेम्सने (या घरात नावं तीच तीच, गोंधळ व्हायचाच). बैलाचं डोकं १८५५ पासून, १८६६ ला राणी व्हिक्टोरियाचं रॉयल वॉरंट (म्हणजे राजघराण्याला माल पुरवतो असं डब्यावर छापायची परवानगी), त्याच सुमारास सगळा कारखाना नॉरिचमधे कॅरो इथे नदीकाठी हलवला. मोहरीबरोबर कपड्यांचा स्टार्च आणि नीळही बनवायचे.

आता डेटॉलचा धागा. हल शहरातले रेकिट हे स्टार्च आणि निळीतले त्यांचे प्रतिस्पर्धी, आपल्याकडची रॉबिन ब्लू त्यांचीच. भांडत बसण्यापेक्षा १९१३ ला दोघांनी दक्षिण अमेरिकेतला धंदा एकत्र केला आणि १९३८ ला 'रेकिट अँड कोलमन' झालं. आणि आजारपणात आजी जे बार्लीचं पाणी पाजायची ना, ते रॉबिन्सन्स सुद्धा कोलमन्सकडे १९०३ ला आलं, कीन रॉबिन्सन ही कंपनी विकत घेतली तेव्हा. गंमत म्हणजे डेटॉलवर कोलमन नाव राहिलं तेव्हा मोहरी कंपनीतून गेलेली होती, कारण १९९५ ला मस्टर्डचा ब्रँड युनिलिव्हरला विकला आणि रेकिट बेनकायझर झालं १९९९ ला. मधली चार वर्षं कोलमन नुसताच नावाला.

कॉपीवाला_निवृत्त:
क्लबबद्दल मी बोलतो, आयुष्य जाहिरातीत गेलं त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड आहे, आधीच सांगतो.

१९२६ साल. लंडनच्या बसवर अचानक पाट्या लागल्या, 'बाबा मस्टर्ड क्लबात गेले का?' एवढंच. कोणाची जाहिरात, कसला क्लब, काही नाही. लोक चक्रावले. मग हळूहळू पेपरात क्लबाची मंडळी यायला लागली, बॅरन डी बीफ, लॉर्ड बेकन ऑफ कुकहॅम, मिस डाय जेस्टर (जोरात वाचा म्हणजे कळेल), सिन्योर स्पॅगेटी. त्यांच्या सभा, त्यांच्या भानगडी, नियम. लोकांनी पत्रं पाठवून सभासदत्व घ्यायला सुरुवात केली, त्यांना बिल्ले मिळायचे, पाककृतींची पुस्तिका निघाली, पत्त्यांचा खेळ निघाला. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आधी नुसती जाहिरात होती आणि मग लोकांनीच तिचा खरा क्लब केला. १९३३ पर्यंत चाललं हे.

एजन्सी एस. एच. बेन्सन. लिहिणाऱ्यांत डोरोथी सेयर्स, हो, डिटेक्टिव्ह कादंबऱ्यावाली तीच, १९२२ ते १९३१ बेन्सनमधे नोकरीला होती. चित्रं काढणाऱ्यांत जॉन गिलरॉय, ज्याने पुढे गिनेस बियरचा तो मोठ्या चोचीचा टुकान पक्षी काढला. आणि मुंबईतल्या जुन्या लोकांना 'ओगिल्वी बेन्सन अँड मेथर' आठवत असेल, ओबीएम म्हणायचो, त्यातला बेन्सन हाच.

पण मला यातलं सगळ्यात हुशारीचं काय वाटतं ते ऐका. पाटीवर 'कोलमन्सच घ्या' असं नाहीये, आहे फक्त 'मस्टर्ड'. आपण म्हणू काय दिलदार कंपनी! अहो पण वर फडताळ यांनी सांगितलंच, कीन हा मोहरीतलाही मोठा प्रतिस्पर्धी १९०३ लाच गिळून झाला होता. इंग्लंडात कोणीही कुठेही मोहरी खाल्ली तर पैसे बहुतेक नॉरिचलाच जाणार. मग नाव कशाला ओरडायचं, लोकांना खायची सवय लावा म्हणजे झालं. छोट्या कंपनीने हे केलं असतं तर बुडाली असती, तिच्या पैशाने शेजारच्याचा माल खपला असता. मी तरुण कॉपीरायटर पोरांना नेहमी हेच उदाहरण द्यायचो, जाहिरात आवडली म्हणून उचलू नका, आधी बघा बाजारात दुसरं कोण उभं आहे.

चिंचगूळ:
काका मस्त लिहिलंत 👌 पण एक शंका, मोहरी खायची सवय लावायला इतका खटाटोप का? ते तर आधीपासून खात होते ना?

कॉपीवाला_निवृत्त:
खात होते ताई, पण बीफ आणि हॅमच्या काठाला चिमूटभर. आणि पावडर असल्यामुळे दर वेळी कालवावी लागायची, त्याचा कंटाळा. म्हणून क्लबाच्या जाहिराती मासे, चीज, सॅलड सगळ्यात मस्टर्ड घाला म्हणून मागे लागलेल्या. कोलमन श्रीमंत झाले ते लोकांनी खाल्लेल्या मोहरीवर नाही, ताटात टाकून दिलेल्या मोहरीवर, असं तिकडे गमतीत म्हणतात.

मोहरी_फेसणारी:
कालवायचा मुद्दा आला म्हणून सांगते. ती पावडर म्हणजे ब्राउन आणि पांढरी अशा दोन मोहऱ्या दळून केलेलं मिश्रण आहे, त्यातली ब्राउन म्हणजे आपल्या फोडणीतलीच जात. थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची मग चढते. आपण काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसतो तेच अगदी, पाणी लागलं की दाण्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. उकळतं पाणी घातलंत तर एन्झाइम मरतं आणि कडूशार लगदा हातात येतो, आधीच व्हिनेगर ओतलं तरी धड चढत नाही. फ्रेंच मस्टर्ड सौम्य लागते त्याचं एक कारण तेच. तयार पेस्टपेक्षा पावडर केव्हाही सरस, हे माझं मत.

नॉरफोकची_मावशी:
मी नॉरिचजवळच राहते, बरीच वर्षं झाली. कॅरोचा कारखाना २०१९ ला बंद झाला, काम बर्टनला आणि काही जर्मनीला गेलं, मोहरी दळायचं काम तेवढं इथे नॉरिचच्या बाहेर ठेवलंय. गावात मस्टर्ड शॉप होतं, १९७३ ला सुरू झालेलं, जुने डबे, पोस्टर लावलेली, ते २०१७ ला बंद झालं. आता जुन्या वस्तू बघायच्या तर ब्राइडवेलच्या म्युझियममधे.

इथली जुनी माणसं अजून कोलमनांबद्दल घरच्यासारखं बोलतात. कामगारांच्या मुलांची शाळा १८५७ ला काढली, सरकारने सक्ती करायच्या कितीतरी आधी, आणि १८७८ ला कारखान्यासाठी नर्स ठेवली, फिलिपा फ्लॉवरडे तिचं नाव, ती कामगारांच्या घरी जाऊन आजाऱ्यांना बघायची.

खडूस_वाचक:
शाळा, नर्स वगैरे ठीक, पण जेरेमाया जेम्स १८७१ पासून नॉरिचचा खासदार पण होता हो. गावातले कामगार खूश राहणं त्याला परवडणारंच होतं. मला तर ती पण जाहिरातच वाटते.

नॉरफोकची_मावशी:
वाटू दे की. ताप आलेल्या पोराच्या आईला नर्स दारात आली हे महत्त्वाचं, मालक खासदार आहे का हे तिने कशाला बघावं. आणि निवडणुकीपुरतं कोणी चाळीस वर्षं करत नाही, ते शेवटपर्यंत केलं त्यांनी.

पत्र्याचा_डबा:
मूळ प्रश्नाकडे येतो, डब्याचं वय. नुसतं 'जे. अँड जे. कोलमन' लिहिलंय म्हणून जुना समजू नका, ते नाव नंतरही वापरात होतं. रेकिटचं नाव कुठे दिसलं तर मात्र १९३८ नंतरचा, नक्की. पत्त्यात नॉरिचपुढे 'एनआर'ने सुरू होणारा पोस्टकोड असेल तर १९७० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा (पोस्टकोडची पहिली चाचणी नॉरिचलाच झाली होती १९५९ ला, पण तेव्हा 'एनओआर' होतं). वजन ग्रॅममधे असेल किंवा बारकोड असेल तर शंभर वर्षं विसरा. रॉयल वॉरंटमधे राजा लिहिलाय का राणी ते बघा, आणि राणी म्हटलं की लगेच व्हिक्टोरिया नका धरू, १९५२ नंतर पण राणीच होती.

एनॅमलच्या पाट्या घेत असाल तर नखाने अक्षराच्या कडेला फिरवून बघा. खऱ्या पाटीत एकेका रंगाचा थर वेगळा भाजलेला असतो, बारीक उंचवटा लागतो, आणि स्क्रूच्या भोकाभोवती टवके उडून काळपट लोखंड दिसतं. हल्लीच्या नकली पाट्या गुळगुळीत, हलक्या, आणि गंज मुद्दाम आणलेला, सगळीकडे सारखाच.

चोरबाजारी_चष्मा:
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना! आत्ताच डबा बघितला, वजन औंसात आहे, बारकोड नाही, रेकिट कुठे नाही, 'डी.एस.एफ.' अशी अक्षरं आहेत. वॉरंटची ओळ घासली गेलीये, 'किंग' वाटतंय पण खात्री नाही. पोस्टकोड नाहीच.

पत्र्याचा_डबा:
डी.एस.एफ. म्हणजे डबल सुपरफाइन, त्यांच्या चांगल्या मालाची खूण. किंग निघाला आणि बाकी सगळं तुम्ही म्हणता तसं असेल तर १९५२ च्या आधीचा धरायला हरकत नाही, शंभर वर्षं मात्र दुकानदाराच्या तोंडीच राहू देत. झाकणाचा आणि तळाचा फोटो टाका, उजेडात काढलेला. आणि ती घासलेली ओळ वाचायला म्हणून चिंच किंवा ब्रासो अजिबात लावू नका, छपाई निघून जाईल, नुसतं कोरडं मऊ फडकं फिरवा.

कॉपीवाला_निवृत्त:
आणि मासिकाच्या पानाचा पण फोटो टाका, दोन्ही बाजू. मागच्या बाजूला दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची जाहिरात असणार, मला ती पण बघायचीये.