मदत हवी आहे: आईच्या मांजरीला रत्नागिरीहून नागपूरला गाडीने न्यायचं आहे

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्यापासून आई रत्नागिरीजवळच्या घरी एकटीच असते. दीड वर्ष समजूत घातल्यावर आता माझ्याकडे नागपूरला यायला तयार झाली आहे, पण एका अटीवर. "चिमी येणार असेल तर मी येते. तिला इथे टाकून मला तिकडे घास उतरायचा नाही." शेजारच्या काकू सांभाळायला तयार आहेत, तरी मला आईचं म्हणणं पटतं. बाबांच्या आजारपणात ही मांजर त्यांच्या पायाशी झोपायची, आता आईच्या पायाशी झोपते. तेव्हा मांजर घराला जीव लावते, माणसाला नाही, तिला तिथेच राहू द्या, हा सल्ला कृपया देऊ नका. तो ऐकून झालाय.

चिमी सहा वर्षांची, नसबंदी झालेली. पडवी, माळा आणि मागची बाग एवढं तिचं राज्य. पिंजरा तिने कधी पाहिलेला नाही. गेल्या महिन्यात रेबीजच्या लशीसाठी तिला बाजाराच्या पिशवीत घालून रिक्षाने नेलं. वीस मिनिटांची वाट. पाचव्या मिनिटाला तोंडाला फेस आला, मग आईच्या मांडीवर लघवी केली आणि शेवटी पिशवीची शिवण नखांनी उसवून डोकं बाहेर काढलं. आईने पदरात गच्च आवळून धरली म्हणून रस्त्यावर उडी पडली नाही. घरी आल्यावर रात्रीपर्यंत माळ्यावरून उतरली नाही, आणि आई खाली वाटी घेऊन बसलेली.

आता हिला साधारण साडेनऊशे किलोमीटर न्यायचं आहे. आंबा घाटाने कोल्हापूर, मग सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघू. गाडी नवरा चालवेल, आई आणि मी मागे. मध्ये एक मुक्काम.

वीस मिनिटांत ही अवस्था, तर दोन दिवस कसे काढायचे? झोपेचं औषध द्यावं का? शी-शूचं काय करायचं, ती तर बागेतल्या मातीशिवाय कुठे बसत नाही. आईला वाटतं तिला मांडीवर घेऊन बसावं, म्हणजे घाबरणार नाही. आणि खाणं: तिला भात आणि मांदेली मासळी लागते, ती नागपुरात रोज कुठून आणू? मी महिनाभर इथूनच काम करते आहे, त्यामुळे तयारीला वेळ आहे.

घाटवाट:
ताई, पुण्याहून बंगळुरूला बोका नेलाय, साडेआठशे किलोमीटर. तुमच्याकडे महिना आहे ही सगळ्यात मोठी गोष्ट. आजच कडक प्लास्टिकचा पिंजरा आणा, वरूनही उघडणारा मिळाला तर उत्तम, कारण घाबरलेलं मांजर पुढच्या दारातून ओढून काढता येत नाही. तो पडवीत दार उघडं ठेवून नुसता पडू द्या. आत आईंचं न धुतलेलं जुनं लुगडं किंवा चादर. जेवणाची वाटी आधी पिंजऱ्याशेजारी, मग दारात, मग आत. ढकलू मात्र नका. एकदा ढकललं की आठ दिवसांची मेहनत पाण्यात.

आत झोपायला लागली की दोन-चार मिनिटं दार लावा. मग पिंजरा उभ्या गाडीत ठेवा. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटं. मग जवळच्या पाली गावापर्यंत जाऊन परत. आमच्या बोक्याला यात तीन आठवडे गेले.

मांडीवर अजिबात नको. आईंची माया कळते, पण जोराचा ब्रेक लागला तर मांजर हातात राहत नाही, आणि पेडलखाली शिरली तर तुम्हा सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. पिंजरा पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसतो, तिथे हेलकावेही कमी लागतात. वरून पातळ सुती कापड टाका, हवा खेळेल असं. आईंना पिंजऱ्यावर हात ठेवून बोलत राहू द्या. आवाज ओळखीचा असला की पुष्कळ फरक पडतो.

निमकर्दळी:
गाडी लागू नये म्हणून आम्ही माणसांची गोळी पाव करून देतो, काही होत नाही.

दवाखान्यातली_ताई:
वरचा सल्ला कृपया कोणी पाळू नका. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. माणसांच्या गोळ्या अंदाजाने तोडून मांजराला द्यायच्या नसतात. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चिमीचा फेस म्हणजे भीती आणि मळमळ दोन्ही असणार. रिक्षात काय काय झालं ते डॉक्टरांना असंच सविस्तर सांगा. भीती कमी करायला मांजरांना बहुधा गॅबापेंटिन देतात, निघण्याच्या दोनेक तास आधी. उलटीसाठी मॅरोपिटंट असतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांनीच ठरवायची. आणि औषध आधी घरी एकदा देऊन बघा, कोणाला किती गुंगी येते ते प्रवासाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

निघण्याआधी पाच-सहा तास खायला देऊ नका, पाणी द्या. वाटेत तिने दहा-बारा तास लघवी केली नाही तरी धीर धरा, घाबरलेली मांजरं धरून ठेवतात. मुक्कामाला पोचून दुसऱ्या सकाळपर्यंतही झाली नाही, किंवा बसून कुंथतेय पण येत नाही, तर मात्र डॉक्टर गाठा. आणखी एक: मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती दमणूक समजू नका. गाडी थांबवा, एसी वाढवा, फोन करा. डिसेंबर असला तरी दुपारी बंद गाडीत तिला ठेवून जेवायला उतरू नका, आळीपाळीने उतरा.

वर्धेकर:
मुक्काम लातूरला करा. सोलापूरला थांबलात तर दुसरा दिवस फार लांबतो. हॉटेलला आधी फोन करून मांजर आहे हे स्पष्ट सांगा. खोलीत गेल्यावर आधी बाथरूमची खिडकी बघा, पलंगाखालची फट उशांनी बुजवा, मगच पिंजरा उघडा. गाडीचं दार उघडताना पिंजऱ्याचं दार बंद आहे ना, हे प्रत्येक वेळी मोठ्याने विचारायचं. आमचं मांजर पेट्रोल पंपावर असंच गेलं. दोन दिवस शोधलं, सापडलं नाही.

माती बागेतलीच घ्या, पोतंभर. आतापासून ट्रेमध्ये घालून पडवीत ठेवा, नागपुरात तिच्यात थोडी थोडी लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी विकत मिळणारी दाणेदार माती, मिसळा. मांदेलीचंही तसंच, भातात आत्तापासून चिमूटभर कोरडं खाणं. एकदम बदललंत तर खाणं सोडेल, आणि मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर येतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्धेकर दादा, तुमचं वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमीच्या गळ्यात फोन नंबरचा पट्टा आजच घातला.

पिंजरा आणून दहा दिवस झाले. आईने आत लुगड्याऐवजी बाबांची शाल घातली, ती तिने कधी धुतलीच नव्हती. पहिले तीन दिवस चिमी लांबून वळसा घालून जायची. परवा दुपारी दिसेना म्हणून आई बागेत हाका मारत फिरली, तर ही पिंजऱ्यात, शालीत तोंड खुपसून झोपलेली. काल दार लावून पाच मिनिटं ठेवली, एकदाच ओरडली. डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलंय, रविवारी घरी देऊन बघणार. मांडीचा हट्ट आईने सोडलाय.

उभ्या गाडीतलं झालं की पुढच्या आठवड्यात पालीपर्यंत नेऊन आणते. तेव्हा पुन्हा फेस आला तर किती दिवस थांबून परत प्रयत्न करू, एवढं कोणी सांगाल का?